मोगली जपानहून आला होता: जपानी कार्टूनच्या सुरुवातीच्या जगप्रवासाबद्दल

दुर्बीण

भाची बारावीत आहे. परवा तिने विचारलं, "मामा, तुझ्या लहानपणी ॲनिमे नव्हतंच ना?" ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून. मी "नव्हतं" म्हणून मोकळा झालो. रात्री लक्षात आलं, की उत्तर चुकलं.

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा. गुलजारांचं शीर्षकगीत, विशाल भारद्वाजांची चाल, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. ती ५२ भागांची मालिका निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीने बनवलेली होती आणि १९८९-९० मध्ये तिकडे दाखवून झालेली होती. दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा. आमच्या वाड्यातल्या एकाही पोराला हे ठाऊक नव्हतं. गोष्ट मध्य भारतातल्या जंगलाची, मूळ लेखक मुंबईत जन्मलेला इंग्रज, गाणं हिंदी, खलनायकाचा आवाज मराठी माणसाचा. मग चित्रं कुणी काढली, हा प्रश्न पडणार तरी कुणाला?

तेव्हापासून मिळेल ते वाचतो आहे आणि एक गोष्ट मनात पक्की होत चालली आहे. जपानी कार्टून सुरुवातीची तीसेक वर्षं जगभर फिरलं ते आपलं नाव घरी ठेवून. ज्या देशात गेलं त्या देशाचं होऊन राहिलं. म्हणून ते पोचलं, आणि म्हणूनच ते काढणाऱ्यांची नावं कुणाला कळली नाहीत.

पहिला प्रयत्न मोठ्या पडद्यावर झाला. तोएई डोगा ही कंपनी १९५६ ची. तिचे अध्यक्ष हिरोशी ओकावा यांना पूर्वेकडचं डिस्ने उभं करायचं होतं. १९५८ मध्ये त्यांनी 'हाकुजादेन' काढला, जपानचा पहिला रंगीत, पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. गोष्ट मात्र चिनी दंतकथेतली, पांढऱ्या सापिणीची. १९६१ मध्ये हा आणि तोएईचे आणखी दोन चित्रपट अमेरिकेत लागले. तिघांचीही नावं बदलली होती. डिस्नेसमोर त्यांचा निभाव लागला नाही.

वाट उघडली ती टीव्हीने. १ जानेवारी १९६३ ला फुजी टीव्हीवर ओसामु तेझुका यांचा 'तेत्सुवान आतोमु' सुरू झाला, आतोमु नावाच्या यंत्रमानव पोराची मालिका. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा म्हणजे डिस्नेच्या रीतीने चित्रं काढणं शक्यच नव्हतं. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शनमध्ये एकच चित्र तीन फ्रेम धरून ठेवायचे, म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ चित्रं. बोलताना फक्त ओठ हलवायचे. उडण्याचं दृश्य एकदा काढलं की जपून ठेवायचं आणि पुन्हा पुन्हा वापरायचं. तरीही खर्च निघत नव्हता, कारण तेझुकांनी वाहिनीला भाग खर्चाहून कमी किमतीत दिले होते. तूट भरून काढली ती आतोमुचं चित्र विकून (मेइजीच्या चॉकलेटसोबत मिळणाऱ्या आतोमुच्या स्टिकरांनी तिकडच्या मुलांना वेड लावलं होतं) आणि परदेशी विक्रीतून.

त्याच वर्षी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीच्या विक्री विभागाने ही मालिका घेतली. न्यूयॉर्कमध्ये फ्रेड लॅड यांनी डबिंग केलं. आतोमुचा 'ॲस्ट्रो बॉय' झाला आणि सप्टेंबर १९६३ मध्ये तो अमेरिकी घरांत दिसू लागला. जपानमधल्या १९३ भागांपैकी १०४ तिकडे गेले. पाट्या, पत्रं, वर्तमानपत्रं, जिथे जिथे जपानी अक्षरं दिसत तिथे ती टाळण्याचा नाहीतर बदलण्याचा प्रयत्न व्हायचा.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते १९६७ च्या 'माख गोगोगो'चं उदाहरण. तात्सुनोको कंपनीची ही मोटारशर्यतीची मालिका त्याच वर्षी अमेरिकेत 'स्पीड रेसर' नावाने गेली. इंग्रजी संवाद पीटर फर्नांडिस यांनी लिहिले आणि नायकाला आवाजही त्यांनीच दिला. नायकाचं मूळ नाव मिफुने गो. इंग्रजीत त्याचं नावच स्पीड झालं. पण त्याच्या शर्टावर 'जी' हे अक्षर होतं, गो मधलं जी, आणि गाडीवर मोठा 'एम'. ५२ भागांतल्या हजारो चित्रांतून ते पुसणार कोण? तसंच राहिलं. अमेरिकेतल्या मुलांनी ते 'जी' वर्षानुवर्षं पाहिलं.

आता युरोप. जर्मनीच्या झेडडीएफ वाहिनीने झुइयो या जपानी कंपनीबरोबर मिळून स्वीडिश पुस्तकावरून विकी नावाच्या छोट्या व्हायकिंगची मालिका केली, ती १९७४ मध्ये तिकडे लागली. त्याच वर्षी जपानमध्ये झुइयोची 'हायडी' आली, स्विस डोंगरातल्या मुलीची गोष्ट. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, आणि दृश्यांची मांडणी हायाओ मियाझाकी नावाच्या तरुणाची. ही मंडळी १९७३ मध्ये स्वतः स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर, लाकडी घरं, चीज कसं वितळवतात, हे बघून आली होती. टीव्ही मालिकेसाठी चित्रकारांना परदेशी नेणं तेव्हा नवलाचं होतं. पुढे याच झुइयोमधून १९७५ मध्ये निप्पॉन ॲनिमेशन वेगळी निघाली आणि 'माया मधमाशी'ही तिच्याकडे आली. म्हणजे विकी, हायडी, माया आणि मग आपला मोगली, सगळे एकाच घरातले. दुसऱ्या देशाची गोष्ट घ्यायची, ती मनापासून अभ्यासून काढायची आणि मग कुठेही विकता येते, हे त्या घराने ओळखलं होतं.

ज्यांचं बालपण परदेशात गेलं त्यांनी तिकडे काय पाहिलं ते जरूर लिहा. आणि मोगली ज्यांना आठवतो त्यांनीही.

खडीसाखर

मोगली जपानी होता हे आज कळलं. आईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "मग त्यातली हवेली आणि पिंपळ एवढे आपल्यासारखे कसे?" तिचा प्रश्न तुमच्याकडे सरकवते.

एक शंका. वाहिन्या हे विकत घ्यायच्या ते आवडलं म्हणून की स्वस्त म्हणून?

आगबोट

दुर्बीण, तुम्ही हाक मारलीत म्हणून लिहितो. एरवी मी वाचनमात्र असतो.

बाबा कुवेतला एका बांधकाम कंपनीत होते. ऑगस्ट १९९० पर्यंत आम्ही तिथेच. आमच्या इमारतीत मराठी कुटुंबं चार, बाकी पॅलेस्टिनी, लेबनीज, इजिप्शियन. संध्याकाळी टीव्हीवर 'ग्रेंडायझर' लागायचा आणि जिन्यात एकही मूल उरायचं नाही.

ही तोएईची १९७५ ची ७४ भागांची यंत्रमानवाची मालिका, मूळ कल्पना गो नागाई यांची. अरबी डबिंग बैरुतमध्ये झालं, तेही तिथलं यादवी युद्ध चालू असताना. शीर्षकगीत सामी क्लार्क या लेबनीज गायकाचं. भाषा बोलीतली नव्हती, शुद्ध प्रमाण अरबी होती, त्यामुळे मोरोक्कोपासून इराकपर्यंत सगळ्यांना एकच आवृत्ती चालली. माझं अरबी जे काही आहे ते शाळेत कमी आणि त्या यंत्रमानवाकडून जास्त आलं.

गोष्ट अशी: ड्यूक फ्लीड हा राजपुत्र. शत्रूने त्याचा ग्रह उद्ध्वस्त केलेला. तो पळून पृथ्वीवर येतो, एका शास्त्रज्ञाच्या घरी मुलासारखा राहतो, गुरं राखतो, आणि वेळ आली की लढतो. शेजारचा माझा पॅलेस्टिनी मित्र ते बघताना कधीच ओरडायचा नाही, नुसता बघत राहायचा. मला वाटायचं त्याला आवडत नसेल. खूप मोठा झाल्यावर कळलं, की ज्याला परत जायला घर नाही अशा मुलाची ती गोष्ट होती, आणि ते त्याला माझ्याआधी समजलं होतं.

तेव्हा आम्हाला ती अरबीच वाटायची. जपानी आहे हे आम्हा कुणालाही माहीत नव्हतं. २०२२ मध्ये रियाधला त्याचा ३३.७ मीटर उंच पुतळा उभा राहिला. फोटो बघून मी त्या मित्राला शोधायचा प्रयत्न केला. सापडला नाही.

लोहचुंबक

लेख मनापासून आवडला, पण मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. "नाव घरी ठेवून" म्हटलं की वाटतं, बाहेरच्यांनी ते हिरावून घेतलं. जपानी कंपन्यांनी विकण्यासाठी समजून उमजून चेहरे, कपडे, गावं अशी काढली की ती कुठेही खपावीत. तेझुका स्वतः डिस्नेचे भक्त होते. हा धंद्याचा निर्णय होता आणि तो त्यांचा होता.

दुसरं, नाव शोधणारे लोक लवकरच निघाले. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, हवाई इथे जपानी वस्ती मोठी. तिथल्या जपानी भाषेतल्या टीव्ही कार्यक्रमांत सत्तरच्या दशकात यंत्रमानवांच्या मालिका लागायच्या, काहींना इंग्रजी उपशीर्षकंही असायची. नुकतेच घरगुती व्हीसीआर आले होते. लोकांनी ते भाग टेप केले, एकमेकांना दाखवले, आणि १९७७ मध्ये लॉस एंजेलिसला फ्रेड पॅटन आणि त्यांच्या मित्रांनी कार्टून/फॅन्टसी ऑर्गनायझेशन हा क्लब काढला. जपानमधल्या पत्रमित्राला अमेरिकी मालिकांच्या कॅसेट पाठवायच्या, बदल्यात तिकडच्या मागवायच्या. भाषा कळत नसे. एकजण गोष्टीचा सारांश टाइप करून वाटायचा आणि तो हातात धरून सगळे बघायचे.

इथे एक तांत्रिक बाब महत्त्वाची. जपान आणि अमेरिका दोन्हीकडे टीव्हीची पद्धत एनटीएससी. तोक्योत टेप केलेली कॅसेट लॉस एंजेलिसच्या व्हीसीआरमध्ये सरळ चालायची. आपल्याकडची पद्धत वेगळी, पाल नावाची. माझे काका दादरला व्हिडिओ लायब्ररी चालवायचे. १९८७ च्या सुमारास एका जहाजावरच्या गिऱ्हाइकाने योकोहामाहून दोन कॅसेट आणल्या. आमच्या मशीनवर चित्र काळंपांढरं आणि गडगड वर सरकणारं. आवाज तेवढा नीट. मी तो आवाज ऐकत अर्धा तास बसलो होतो. ती पद्धत जुळली असती तर मुंबईतही असा एखादा क्लब त्याच वेळी निघाला असता असं मला आजही वाटतं.

खडीसाखर, तुमच्या शंकेबद्दल: दोन्ही, पण आधी स्वस्त. इटलीत १९७६ मध्ये घटना न्यायालयाने स्थानिक खासगी वाहिन्यांना परवानगी दिली. बघता बघता शेकडो वाहिन्या निघाल्या आणि दाखवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. जपानी मालिका तयार होत्या, लांबलचक होत्या, स्वस्त होत्या. सगळं युरोप धुंडाळलं तरी आठवड्याला एवढं ॲनिमेशन काढणारं दुसरं कुणी सापडलं नसतं.

दुर्बीण

लोहचुंबक, निर्णय त्यांचाही होता हे मान्य. "घरी ठेवून" हा शब्द मी त्यासाठीच वापरला होता, "हिरावून" म्हटलं नव्हतं. पण सौदा बरोबरीचा नव्हता हेही बघा. तेझुकांच्या पांढऱ्या सिंहाची मालिका १९६५ ची, जपानची पहिली रंगीत टीव्ही ॲनिमेशन मालिका. रंगाचा खर्च परवडला तो एनबीसीच्या पैशामुळे. त्यांची अट अशी की प्रत्येक भाग स्वतंत्र हवा, कुठलाही कधीही दाखवता यावा. त्यामुळे छाव्याला मोठं होता येईना! तेझुकांची मूळ गोष्टच मुळी तो जन्मतो, वाढतो आणि मरतो अशी. मोठा सिंह दाखवायला त्यांनी १९६६ मध्ये एनबीसीशिवाय वेगळी मालिका काढली. ज्याच्या हाती पैसा त्याने सिंहाचं वय ठरवलं, हे मला बोचतं.

आणि कापाकापीचं काय? तात्सुनोकोच्या 'गाचामान'चे १०५ भाग होते. १९७८ मध्ये अमेरिकी निर्माते सँडी फ्रँक यांनी त्यांचे ८५ केले, मारामारी कापली आणि रिकाम्या जागेत एक बडबड्या यंत्रमानव नव्याने काढून घुसवला. मियाझाकींच्या 'नाउसिका' या चित्रपटाची १९८५ ची अमेरिकी आवृत्ती वीस मिनिटांहून जास्त कापलेली होती. पुढे मियाझाकींचा जिब्ली स्टुडिओ परदेशी वितरकांना "एकही काप नको" असं बजावू लागला, तो याच अनुभवामुळे.

आगबोट, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. लिहिते राहा.

टाकसाळ

म्युनिकहून. इथे सोळा वर्षं झाली. ऑफिसात पन्नाशीच्या सहकाऱ्यांना मी विचारलं, तर 'माया' जर्मन आहे याची सगळ्यांना खात्री. कारणही आहे. पुस्तक जर्मन, शीर्षकगीत कारेल गॉटचं, आणि ते गाणं अजून लग्नाच्या पार्ट्यांत वाजतं. 'हायडी' तर त्यांच्या दृष्टीने स्विसच. मी सांगितल्यावर एक बाई क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे आजोबांची ती झोपडी जपान्यांनी काढली?" मग मोबाईलवर भाग लावून झोपडीच बघत बसली. झोपडी चुकलेली नाही असा तिचा निर्वाळा.

चिंचोका

सगळे प्रेमाने लिहिताहेत, पण विरोधही तितकाच मोठा होता, तो धाग्यात यायला हवा. इटलीत आणि फ्रान्समध्ये आगबोट यांचाच ग्रेंडायझर १९७८ मध्ये पोचला, इटलीत एप्रिलमध्ये, फ्रान्समध्ये ३ जुलैला 'गोल्डोराक' नावाने. सहा महिन्यांत फ्रान्समध्ये 'पारी माच' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर गोल्डोराकचं वेड! इटलीत इमोला गावच्या पालकांनी यंत्रमानवांच्या मालिकांविरुद्ध सह्यांची मोहीम काढली. १९८९ मध्ये फ्रेंच राजकारणी सेगोलेन रॉयाल यांनी मुलांच्या टीव्हीवर आख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात जपानी मालिकांवर कडक टीका केली. एक गोष्ट लक्षात घ्या, राग आला तेव्हा मात्र "हे जपानी आहे" हे सगळ्यांना बरोब्बर आठवलं.

सगळ्यात टोकाचं फिलिपिन्समध्ये झालं. 'व्होल्टेस फाइव्ह' ही जपानी यंत्रमानवाची मालिका तिथे १९७८ पासून लागायची आणि मुलं वेडी झाली होती. १९७९ मध्ये हुकूमशहा मार्कोसच्या सरकारने हिंसेचं कारण देऊन ती बंद केली, शेवटचे मोजके भाग उरले असताना. त्या मालिकेचा शेवट म्हणजे जुलमी सत्तेविरुद्धचा उठाव. मुलांना तो बघायला मार्कोस जाईपर्यंत, १९८६ पर्यंत थांबावं लागलं. तोवर ती मुलं कॉलेजात पोचली होती.

पालकांची काळजी सगळीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. मोठ्यांसाठी काढलेल्या काही गोष्टी केवळ "कार्टून आहे" म्हणून लहानांच्या वेळेत लावल्या गेल्या, ती चूक वाहिन्यांची होती.

रंगपेटी

मुंबईत ॲनिमेशनमध्ये काम करते, त्यामुळे खडीसाखर यांच्या आईच्या प्रश्नाला बाजूने उत्तर देते. जपानी लोकांनी भारत कसा काढला याचं जास्त पक्कं उदाहरण मोगलीच्याच काळातलं आहे, रामायणावरचा एक ॲनिमेशनपट.

जपानी माहितीपटकार युगो साको १९८३ मध्ये भारतात आले ते पुरातत्त्वज्ञ डॉ. बी. बी. लाल यांच्या उत्खननावरचा माहितीपट करायला. इथे त्यांना रामायण भेटलं. जपानी भाषेत मिळतील तितकी रामायणं त्यांनी वाचून काढली. भारताबरोबर मिळून चित्रपट करायचा त्यांचा मानस होता, पण परदेशी माणूस रामाचं कार्टून करतो याला इथे विरोध झाला आणि सरकारी सहकार्य मिळालं नाही. शेवटी निर्मिती जपानमध्ये झाली. तरी राम मोहन सरांना त्यांनी सोबत घेतलं. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये घडलेले, भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणावेत असे राम मोहन. धोतर कसं नेसतात, नमस्कार करताना कोपर कुठे असतं, हे इथल्या लोकांनी तिकडच्या चित्रकारांना करून दाखवलं. सुमारे साडेचारशे कलाकार, लाखभर हाताने रंगवलेले सेल, म्हणजे पारदर्शक फिल्मवरची चित्रं. संगीत वनराज भाटियांचं. त्यातली संस्कृत गीतं वसंत देवांची, तेंडुलकरांची नाटकं हिंदीत नेणारे वसंत देव!

चित्रपट १९९२ चा, जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. म्हणजे ज्या वर्षी घराघरांत मोगली आला, त्याच वर्षी हा एवढा चित्रपट आपल्या सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत न पोचता राहिला. नंतर हिंदी डबिंग झालं, अरुण गोविलांचा राम आणि अमरीश पुरींचा रावण, आणि कार्टून नेटवर्कवर तो लागायचा. थिएटरमध्ये देशभर नीट लागला २०२५ च्या जानेवारीत. मी गेले होते. शेजारी एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. सेतू बांधण्याचं दृश्य सुरू झालं आणि त्यांनी हात जोडले. मला त्या वेळी त्या सेलवर ब्रश फिरवणारे हात आठवत होते.

दुर्बीण म्हणतात ते नाव घरी ठेवणं इथे उलटं झालं. नाव सांगितलं, म्हणूनच अडलं.

खडीसाखर

रंगपेटी, आईला वाचून दाखवलं. "कोपर कुठे असतं" यावर ती खूश आहे.

दुर्बीण

रंगपेटी, तुमचं शेवटचं वाक्य मला सुचायला हवं होतं. तुम्ही आणि लोहचुंबक यांच्यामुळे माझं मत थोडं बदललं आहे. नाव लपवणं ही तेव्हा प्रवासाची अटच होती आणि ती दोन्ही बाजूंना माहीत होती.

काल भाचीला हा धागा दाखवला. ती गेल्या वर्षापासून जपानी शिकते आहे. आम्ही मोगलीचा मूळ जपानी पहिला भाग शोधून लावला. सुरुवातीला श्रेयनामावली येते, ती आम्ही लहानपणी कधी पाहिलीच नव्हती. तिने दर नावाला भाग थांबवला. बऱ्याच चित्रलिपी तिला येत नव्हत्या, वहीत उतरवून घेतल्या. एका नावापाशी मात्र तिने लगेच बोट ठेवलं. "हे येतं मला. कुरो म्हणजे काळा, कावा म्हणजे नदी. कुरोकावा."

आणि पुढच्या नावावर पुन्हा भाग थांबवला.